यूलिस दुफ्रेनचा नातू

ओडील नाकँचा राग आमच्या बायूवर, म्हणजे ह्या संथ खाडीच्या काठी, सगळ्यांना ठाऊक आहे. पन्नास वर्षं तिने कोळंबीची जाळी विणली आणि सांधली, आणि तेवढ्या वर्षांत तिच्या तोंडी लागून जिंकलेला एकही बोटवाला मला माहीत नाही. एकदा एकजण घाईत म्हणाला, "मिस ओडील, एक गाठ सैल राहिली तर काय बिघडतंय? कोळंबीला थोडंच कळणार आहे?" तिने त्याच्या देखत कात्री घेतली, चांगलं आठ हात जाळं कापून त्याच्या पायावर टाकलं आणि म्हणाली, "मग कोळंबीकडूनच विणून घे." तो दोन तास तिच्या जिन्याच्या पायरीवर तोंड पाडून बसला होता. शेवटी तिने सुई हातात घेतली, पण त्याला कॉफी काही दिली नाही.

मी तिची धर्मकन्या. बाप्तिस्म्याच्या दिवशी मला हातांवर धरलं ते तिने, म्हणून मी तिला नॅनॅन म्हणते. माझं नाव तेरेझ. नवरा क्लोव्हिस आणि मी, आम्ही दोघं पुलाजवळ हार्डवेअरचं दुकान चालवतो. खिळे, दोर, रंग, ताडपत्र्या. जे झालं त्यात माझा हात आहे आणि तो मी झाकणार नाही. झाकला तर हे सांगण्यात काही अर्थच नाही.

ऑगस्टच्या शेवटी वादळ आलं. वादळाबद्दल माझी तक्रार नाही. वादळ येतं, मोडतं आणि निघून जातं; ते कुणाच्या टेबलाशी बसून जेवत नाही, कुणाला 'मॅडम' म्हणत नाही. नॅनॅनचं घर उंच खांबांवर आहे. ओव्हीदने, तिच्या नवऱ्याने, सायप्रसच्या फळ्या स्वतः रंधून ते बांधलं होतं. पाणी खालून निघून गेलं. वाऱ्याने छपराची बायूकडची बाजू नेली. रस्त्याकडची बाजू मात्र शाबूत राहिली, आणि तिच्याचखाली तिची झोपायची खोली आणि स्वयंपाकघर. म्हणजे म्हातारीला झोपायला आणि शिजवायला कोरडी जागा होती. एवढं लक्षात ठेवा.

तिची मुलगी रोशेल ह्यूस्टनला असते. तिचा रोज फोन.

"आई, बास झालं आता. घर विक आणि इकडे ये."

"विकते ना. मेल्यावर."

"अगं, डोक्यावर छप्पर नाही तुझ्या!"

"अर्धं आहे. एकटीला पुरतं."

हे तीन आठवडे चाललं. शेवटी रोशेल रडायला लागली, आणि मुलीचं रडणं नॅनॅनला सहन होत नाही. ती म्हणाली, "ऐक. नोव्हेंबरच्या शेवटी थँक्सगिव्हिंग येईपर्यंत पूर्ण छप्पर चढलं नाही, तर मी येते तुझ्याकडे. शब्द." रोशेलने लगेच रडणं थांबवलं, कारण आईचा शब्द म्हणजे काय ते तिला माहीत होतं. तेव्हापासून आमच्या डोळ्यांपुढे एकच गोष्ट होती. छप्पर चढलं तर ओडील नाकँ बायूवर, नाही चढलं तर ह्यूस्टनच्या एका इमारतीत चौथ्या मजल्यावर, जिथून पाणी दिसत नाही.

आमचा नेहमीचा छपरवाला आर्मों. त्याला विचारलं तर तो म्हणाला, "मार्च." त्याच्या यादीत माझ्या बहिणीचं घर होतं, फादरचं घर होतं, त्याच्या स्वतःच्या सासऱ्याचंही होतं. सगळ्यांना तो मार्चच सांगत होता.

आणि मग तो आला.

सप्टेंबरातली सकाळ. पांढरी मोठी गाडी, दारावर छपराचं चित्र आणि खाली परवान्याचा नंबर. चाळिशीचा गडी, इस्त्रीचा शर्ट, बूट मात्र चिखलाचे. ते बूट बघून मला बरं वाटलं होतं. कामाचा माणूस दिसतोय, असं मनात आलं. त्याने दोन डबे खिळे मागितले. आता आमच्याकडे अनोळखी माणूस दिसला की पहिला प्रश्न एकच. कुठला, असं नाही विचारत आम्ही. कुणाचा, असं विचारतो. एकदा आजा-पणजा सापडला की माणूस घरात.

"कुणाचा रे तू?" मी विचारलं.

त्याने टोपी काढली. "माझे आजोबा इथलेच, मॅडम. यूलिस दुफ्रेन."

"अगं बाई! यूलिसचा नातू? म्हणजे तेलाच्या कामावर टेक्सासला गेला तोच ना यूलिस?"

"हो मॅडम, तेच."

"मेल्बाचा नवरा?"

"मेल्बा आजी. हो मॅडम."

"पोर्ट आर्थरला असायचे ना ते?"

"पोर्ट आर्थरलाच. तुम्हाला किती आठवतंय हो!"

मी फुगले. मला किती आठवतंय! आज मी ते बोलणं पुन्हा पुन्हा मनात घोळवते आणि दर वेळी माझं डोकं भणभणतं. त्याने एक नाव टाकलं होतं, फक्त एक. टेक्सास मी म्हणाले, तेल मी म्हणाले, मेल्बा मी म्हणाले, पोर्ट आर्थरही मीच. अख्खं घराणं मी त्याच्या हातात बांधून दिलं आणि वर खिळ्यांवर सूट दिली.

ते नाव त्याला कुठे मिळालं हेही सांगते. आमचं स्मशान रस्त्याला लागून आहे. यूलिसचा एकुलता एक मुलगा बापाच्या मातीलाही आला नाही. यूलिसला गावी आणून इथे पुरलं, मागोमाग मेल्बा गेली, आणि थडग्याकडे बघणारं कुणी उरलं नाही. म्हणून गेली तीस वर्षं दर वर्षी पहिल्या नोव्हेंबरच्या तूसाँसाठी, मेलेल्यांच्या सणासाठी, आदल्या दिवशी नॅनॅन त्या थडग्याला चुना मारते आणि नाव काळ्या रंगाने ठळक करते. बायूवरचं सगळ्यात स्वच्छ वाचता येणारं नाव तेच. गाडीतून उतरायलाही लागत नाही.

क्लोव्हिसने मागच्या खोलीतून मान बाहेर काढली. "लायसन्स बघितलंस का त्याचं?"

"यूलिसच्या नातवाचं लायसन्स बघू? शोभतं का हे?"

"मी फक्त विचारलं," तो म्हणाला आणि पुन्हा आत गेला. माझा नवरा भांडत नाही, हाच त्याचा दोष.

मी दुकान त्याच्यावर सोडलं आणि त्या पांढऱ्या गाडीला वाट दाखवत स्वतः नॅनॅनकडे घेऊन गेले. त्याचं नाव कोल. खालूनच ओरडले, "नॅनॅन! बघ कुणाला आणलंय! यूलिसचा नातू!"

यूलिस हे नाव तिच्यासाठी काय आहे ते मला माहीत होतं, म्हणून तर मी एवढी नाचत गेले. ती सहा वर्षांची असताना असंच वादळ आलं होतं. रात्रीत पाणी चढलं. सकाळी तिचा बाप दुसरीकडे अडकलेला, आई तान्ह्याला घेऊन माळ्यावर, आणि हिला खांद्यावर बसवून यूलिस गळ्याइतक्या पाण्यातून उंचावरच्या शाळेपर्यंत चालत गेला. नॅनॅनने आयुष्यात फार थोड्यांचे उपकार मानले. त्या थोड्यांत हा पहिला.

ती जिन्याच्या वर उभी राहून त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "डोळे यूलिसचेच आहेत."

डोळे! कुणाचेही असते तरी आम्हाला त्या दिवशी यूलिसचेच दिसले असते.

तिने त्याला गम्बो, आमच्याकडचा कोळंबीचा दाट रस्सा, भातावर वाढला. तो दोन वाडगे जेवला. जेवायच्या आधी त्याने तिचा सुरकुतलेला हात हातात घेतला, डोळे मिटले आणि प्रार्थना म्हटली: देवा, ह्या घरावर तुझं छत्र राहू दे. सगळ्यात जास्त मला ती प्रार्थना झोंबते. चोराने चोरी करावी, पण जेवायच्या ताटावर देवाचं नाव घेऊन?

मग तो शिडी लावून वर गेला. अर्धा तास वर होता. आम्हाला खाली ठोकल्यासारखे, उचकटल्यासारखे आवाज येत होते. मी म्हणाले, "बघ कसा बारकाईने तपासतोय." खाली येऊन त्याने फोनवर फोटो दाखवले. रस्त्याकडच्या बाजूच्याही शिंगल्स, छपरावरच्या डांबरी चकत्या, उचललेल्या, फाटलेल्या.

"ही बाजूही गेलीय, मॅडम. खालून कळत नाही. विम्याच्या माणसाने वर चढून बघितलंच नसणार."

"मग?" नॅनॅनने विचारलं.

"मग पूर्ण छप्पर काढून नवीन. तुम्ही काळजी करू नका, विम्याच्या लोकांशी मी बोलतो. थँक्सगिव्हिंगच्या आत तुमच्या डोक्यावर छप्पर. आजोबांची शपथ."

थँक्सगिव्हिंगची गोष्ट त्याला गाडीपाशी मीच सांगितली होती.

त्याने कागद काढला. तीन पानं, बारीक अक्षर. नॅनॅनने चष्मा शोधला. चष्मा सापडेना. "काय लिहिलंय यात?"

"नेहमीचंच, मॅडम. मी तुमच्या वतीने विम्याशी बोलायचं, एवढंच. आज सही झाली तर माझी माणसं सोमवारी इथे. नाही तर उद्या ती पुढच्या गावाला जातील, आणि मग माझ्याही हातात काही राहणार नाही."

जी बाई एक सैल गाठ चालवून घेत नाही, तिने तीन पानं न वाचता सही केली. आणि पंख्याच्या वाऱ्याने कागद उडत होता म्हणून तो दोन्ही हातांनी दाबून धरला मी.

सोमवारी खरंच दोन माणसं आली. त्यांनी दिवसभरात रस्त्याकडची सगळी बाजू, वादळाने जिला हात लावला नव्हता ती, उपसून काढली. खालच्या फळ्याही काढल्या. वर निळी ताडपत्री ताणली आणि गेली. ताडपत्री आमच्याच दुकानातली. कोल म्हणाला, "आता विम्याचा चेक आला की लगेच कामाला लागायचं. चेकच्या मागे सही करून माझ्याकडे द्या, मी माल उचलतो."

ऑक्टोबर कोरडा गेला. तो दर आठवड्याला यायचा, जेवायचा, विचारायचा, "चेक आला का, मॅडम?" नॅनॅन त्याला डबा भरून द्यायची. मी दुकानात येईल त्याला सांगायचे की नॅनॅनचं काम यूलिसच्या नातवाने घेतलंय. माझ्या सांगण्यावरून आणखी तिघांनी त्याला बोलावलं.

महिन्याच्या शेवटी चेक आला. त्याला कळल्याबरोबर तासाभरात गाडी दारात.

नॅनॅन म्हणाली, "आज नाही. परवा तूसाँ. उद्या सगळी बायू स्मशानात असेल. तू ये, आजोबांच्या थडग्याला चुना मार. तीस वर्षं परक्या बाईने मारलाय. त्याच्यासमोर देईन मी तुला चेक."

"मॅडम, आजच दिलात तर उद्या सकाळी माल..."

"आधी चुना."

त्याला जावं लागलं. आयुष्यभर लोकांना ताटकळत ठेवणारी बाई आहे ती, आणि ह्या एका सवयीने तिला वाचवलं.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला स्मशान भरलेलं होतं. यंदा कामही जास्त होतं. वादळाने कुठे क्रॉस मोडलेले, कुठे थडग्यांवर गवताचे भारे येऊन पडलेले. जो तो आपापल्या माणसांपाशी बादली घेऊन. यूलिसच्या शेजारच्या रांगेत म्हातारा अनातोल होता, तरुणपणी यूलिसबरोबर बोटीवर काम केलेला. कोल वेळेवर आला. नॅनॅनने त्याला चुन्याचा ब्रश दिला आणि नावाच्या काळ्या रंगाचा स्वतः घेतला. चेक तिच्या ॲप्रनच्या खिशात होता. ती मधूनमधून वरून हात लावून बघत होती.

तो मन लावून चुना मारत होता, हे मान्य करायला हवं. आणि बोलतही होता. लोक ऐकतायत म्हटल्यावर त्याला चेव आला.

"आजोबा संध्याकाळी पोर्ट आर्थरच्या अंगणात खुर्ची टाकून बसायचे," तो म्हणाला, "आणि ह्या बायूच्या गोष्टी सांगायचे. म्हणायचे, कोल, एक दिवस तू तिथे जा."

नॅनॅनचा ब्रश थांबला. तिने माझ्याकडे बघितलं.

मला क्षणभर कळेना की ही माझ्याकडे का बघतेय. आणि मग कळलं. यूलिस कधीच पोर्ट आर्थरला नव्हता. तो टेक्सासातच, पण बोमाँट गावी होता. नॅनॅनला दर नाताळला त्यांचं कार्ड यायचं, बोमाँटचा शिक्का असलेलं. पोर्ट आर्थर म्हणणारी ह्या बायूवर मी एकटी. नॅनॅनने मला दहा वेळा तरी सुधारलं असेल आणि दहाही वेळा मी विसरले. माझी चूक त्या माणसाच्या तोंडून बाहेर पडली होती.

मला वाटलं, आता ही कडाडणार. पण ती खाली बसली, आणि इतक्या मऊ आवाजात बोलली की मला भीती वाटली. तिचा असा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता.

"बाळा, एक विचारू का?"

"विचारा ना, मॅडम."

"यूलिसची डाव्या हाताची तीन बोटं बोटीवरच्या चाकात गेली होती. तू लहान असशील. भीती नाही वाटायची तुला त्या हाताची?"

कोलने ब्रश बादलीवर ठेवला, थोडं हसला, उदास हसला. "सुरुवातीला वाटायची, मॅडम. मग सवय झाली. त्याच हाताने मला गळ टाकायला शिकवलं त्यांनी."

शेजारच्या रांगेत अनातोल उभा राहिला. त्याच्या पलीकडच्या बाईनेही हात थांबवला. एकेक करून सगळे ब्रश थांबले.

नॅनॅन उठली. "यूलिसला दहा बोटं होती," ती म्हणाली. आता आवाज तिचा नेहमीचा होता, पुलापर्यंत पोचणारा. "मरेपर्यंत दहा. त्या दहा बोटांनी त्याने माझे पाय धरले होते. खाली पाणी बघून भीती वाटायला लागली म्हणून मी त्याची बोटं मोजत होते. एक ते दहा, पुन्हा एक ते दहा, शाळा येईपर्यंत. तू मला त्याची बोटं सांगतोस? मला?"

"मॅडम, तुमचा काहीतरी गैरसमज..."

"कुणाचा आहेस तू? खरं सांग. बापाचं नाव तरी आहे का, का तेही कुठल्या दगडावरून वाचायचं राहिलंय?"

त्याचा चेहरा बदलला. राग नाही, लाज नाही, काहीच नाही. दुकान बंद केल्यासारखा. त्याने हात पुसले आणि सरळ सांगितलं, "सही तुमची आहे, मॅडम. कागद माझ्याकडे आहे. चेकवर हक्क माझा आहे. कोर्टात भेटू." तेव्हाही 'मॅडम' सुटलं नव्हतं.

तो गाडीकडे चालू लागला. नॅनॅनने चुन्याची बादली उचलली. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, गुडघे दुखणारी, पण त्याच्या आधी गाडीपाशी पोचली आणि अख्खी बादली समोरच्या काचेवर रिकामी केली. "हे घे आगाऊ," ती म्हणाली. "बाकीचं, काम झाल्यावर."

लोक हसले. मी हसले नाही. मी छपराकडे, म्हणजे छपराच्या जागी होतं त्या निळ्या ताडपत्रीकडे बघत होते. ती स्मशानातून दिसते.

परतताना गाडीत ती एकच वाक्य बोलली. "घास तू भरवलास, पण तोंड मी उघडलं." मला वाटलं होतं ती मला शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सणानंतर आम्ही बांधकामाचे परवाने देणाऱ्या सरकारी कचेरीत गेलो. तिथल्या बाईने गाडीच्या दारावरचा परवान्याचा नंबर मशीनमध्ये घातला. आम्ही तो नंबर दर आठवड्याला बघत होतो, आणि तो तपासायला तिला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. तो नंबर दुसऱ्या राज्यातल्या एका पोहण्याचे तलाव खणणाऱ्याचा होता, आणि तो बिचारा दोन वर्षांपूर्वीच वारला होता.

"परवाना नसलेल्याशी केलेला करार हा करारच नाही," ती म्हणाली. "चेक तुमचाच. तो कागद मात्र फाडू नका, आम्हाला हवाय. आणि एक विचारू? सही करायच्या आधी एक फोन का नाही केलात?"

नॅनॅनने माझ्याकडे बघितलं नाही. त्या न बघण्याने मला जास्त लागलं.

पुढे कळलं ते असं. आमच्या बायूवर त्याने नऊ घरांच्या सह्या घेऊन ठेवल्या होत्या, पैकी चौघांनी चेक आधीच दिला होता. त्या चौघांतले दोघे माझ्या सांगण्यावरून. शेजारच्या बायूवर तो दुसऱ्याच कुणाचा नातू होता, आणि त्याच्या पलीकडे आणखी तिसऱ्याचा. तिकडेही स्मशानं रस्त्याला लागूनच आहेत. आर्मोंने कचेरीसाठी नॅनॅनच्या आवारात पडलेल्या जुन्या शिंगल्स तपासल्या आणि मला बोलावून दाखवल्या. "वाऱ्याने उचललेली शिंगल अशी फाटत नाही, तेरेझ. ही पहारीची खूण आहे. चांगलं छप्पर मोडलंय त्याने." म्हणजे त्या दिवशी वर अर्धा तास तो तेच करत होता, आणि खाली उभी राहून मी त्याच्या बारकाईचं कौतुक करत होते. त्या माणसाला अजून पकडलेलं नाही. गाडी सापडली, दारावरचं चित्र काढून टाकलेली. ते चुंबकाने चिकटवलेलं होतं.

आता दुकानात छपरवाला कुणीही आला की मी आधी परवान्याचा नंबर मागते आणि त्याच्यासमोर कचेरीला फोन लावते. गिऱ्हाइकांना सांगते, आज सही मागतो त्याला उद्या यायला सांगा. उद्या आला नाही तर सुटलात. चेकवर काम संपायच्या आधी सही करायची नाही, आणि शिडीवर तो चढला तर मागोमाग आपलंही कुणी चढवायचं. लोक म्हणतात, तेरेझला वादळानंतर माणुसकी राहिली नाही. म्हणू देत. माझ्याकडे माणुसकी होती तेव्हा काय झालं ते त्या चौघांना विचारा.

चेक वाचला. छप्पर कुठे होतं?

नोव्हेंबरच्या मध्यावर तीन दिवस पाऊस लागला. वाऱ्याने ताडपत्री फाडली. क्लोव्हिस पत्रे घेऊन चढला, अनातोलने खालून शिडी धरली, दुसऱ्या दिवशी आणखी चौघे आले, ज्यांच्या स्वतःच्या घरांवर ताडपत्र्या होत्या. स्वयंपाकघर त्यांनी कसंबसं झाकलं. झोपायच्या खोलीत पाणी शिरलं ते शिरलंच. वादळात जी खोली कोरडी राहिली होती त्या खोलीत नॅनॅनची गादी भिजली, भिंती फुगल्या, आठवड्यात काळी बुरशी धरली. ती खोकायला लागली.

थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी रोशेल आली. तिने घर बघितलं, आईकडे बघितलं, आणि तिलाच रडू फुटलं. म्हणाली, "आई, जाऊ दे तो शब्द. मी सोडला. तू तेरेझकडे राहा मार्चपर्यंत. इथेच राहा."

"तू सोडलास," नॅनॅन म्हणाली. "मी नाही सोडला."

तिने एक पेटी घेतली आणि विणायच्या सुया. मी पेटी घ्यायला हात पुढे केला तर तिने दुसऱ्या हातात धरली. जिना उतरायला तिला खूप वेळ लागला. प्रत्येक पायरीवर थांबत होती, आणि प्रत्येक पायरीवर माझ्या मनात त्या माणसाला घालायला नवी शिवी येत होती. वादळाने तिला घराबाहेर काढलं नव्हतं. वादळ तिला अर्धं छप्पर ठेवून गेलं होतं.

गाडीत बसल्यावर तिने काच खाली केली. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल. मग मीच बोलले. "नॅनॅन, मार्चमध्ये आर्मोंला घेऊन मी स्वतः येते इथे. एकेक खिळा बघून घेते."

"त्याचं लायसन्स बघ आधी."

"आर्मोंचं?" मी म्हणाले. "नॅनॅन, आर्मों आपलाच आहे की! तुझ्या मावसबहिणीचा..."

तिने काच वर केली. रोशेलने गाडी सुरू केली, आणि ती पुलावर जाईपर्यंत मी तिथेच तोंड उघडं टाकून उभी होते.

दुकानात आल्या आल्या मी आर्मोंला फोन लावला आणि परवान्याचा नंबर मागितला. तो भडकलाच. वीस वर्षं तुमच्या घरांवर चढतोय, म्हणाला, माझ्या आईला ओळखतेस तू, लाज नाही वाटत?

"वाटते," मी म्हणाले. "नंबर सांग."